नकोचे तीन थर

बाईंच्या कारकिर्दीची सुरुवात कपडे वाळत घालायच्या एका दोरीपासून झाली, तीही चुकीच्या भाषांतराने. हे त्यांनी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मुलाखतीत त्या म्हणत, "मी लहानपणापासून दोन संस्कृतींच्या सीमेवर वाढले." सीमा म्हणजे मागच्या अंगणातली ती दोरी.

झालं होतं असं, की बाई शाळेत खालच्या वर्गात असताना शेजारी एक वेगळ्या भाषेचं बिऱ्हाड राहायला आलं. त्यांच्या पोरांत खेळून खेळून मुलीला ती भाषा येऊ लागली. एक दिवस नव्या शेजारणीने आपल्या चादरी यांच्या दोरीवर वाळत घातल्या. आई फणफणली. "जा, तिला सांग, दोरी आमची आहे. चादरी उचल म्हणावं, आणि पुन्हा दिसल्या तर चिखलात टाकीन."

मुलगी निरोप घेऊन गेली. शेजारीण दिवस गेलेली, घामाघूम, हातात ओला पिळा. मुलीला बघून ती हसली आणि तिच्या हातावर बिस्कीट ठेवलं. हातात बिस्कीट असताना चिखलाचं बोलायचं कसं? मुलगी म्हणाली, "आई म्हणते, ही दोरी तुमचीच समजा."

शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी ती झाकलेली वाटी घेऊन आली आणि आईचे हात धरून बराच वेळ बोलत राहिली.

"काय म्हणतेय गं?" आईने विचारलं.

"माफी मागतेय."

आईचा राग तिथेच विरघळला. दोन्ही घरं पुढे कित्येक वर्षं सख्ख्यासारखी राहिली. आईला मात्र स्वतःच्या दोरीवर जागा कधी मिळाली नाही. ती खुर्च्यांच्या पाठीवर कपडे वाळवायची आणि म्हणायची, "माणसं सोन्यासारखी आहेत, फक्त माफी मागूनसुद्धा सुधारत नाहीत."

या मुलीने पुढे भाषांची पदवी घेतली, परदेशी जाणाऱ्या नर्सना बोलणं शिकवलं, हॉटेलवाल्यांना हसणं शिकवलं आणि शेवटी विद्यापीठात आंतरसांस्कृतिक संवाद या विषयाची प्राध्यापक झाली. विभाग नवा होता. झेरॉक्सची खोली आणि स्वच्छतागृह यांच्या मधली एक लांबट खोली त्याला मिळाली. पाटी रंगवणाऱ्याने 'आंतरसांस्कृतिक'मधला पहिला काना गाळला आणि 'तर'नंतर मोकळी जागा सोडली, त्यामुळे दारावर 'अंतर सांस्कृतिक संवाद विभाग' असं झळकू लागलं. दुरुस्तीचा अर्ज गेला. तो अजून वर आहे. नाही तरी पाटी अगदीच चुकीची नव्हती. विभागात बाई धरून तीन प्राध्यापक, आणि बाकीचे दोघे एकमेकांशी बोलत नसत. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून कधीतरी बिनसलं होतं. एकाचं म्हणणं दुसऱ्याला शिपाई सांगायचा, आणि शिपाई ते पुष्कळ सौम्य करून सांगतो हे बाईंच्या लक्षात आलं होतं. तो माणूस त्यांना फार जवळचा वाटे.

बाईंचा पहिला तास विद्यापीठभर गाजलेला होता. त्या बिस्किटांची बशी घेऊन वर्गात यायच्या आणि पहिल्या बाकावरच्या कुणाच्याही पुढे धरायच्या.

"घ्या."

"नको, मॅडम."

"अहो, घ्या की."

"नको, खरंच नको."

"एक तरी घ्या."

"बरं. थोडंसं."

वर्ग हसायचा आणि बाई फळ्याकडे वळायच्या. पहिला नको म्हणजे शिष्टाचार. दुसरा नको म्हणजे परीक्षा, समोरचा मनापासून विचारतोय की नुसतं तोंडदेखलं. खरं उत्तर मिळतं ते तिसऱ्यांदा विचारल्यावर. तेव्हाही 'नको' आला तर तो खरा. आणि 'बरं, थोडंसं' आलं तर? "तर भरपूर वाढायचं," असं बाई म्हणायच्या आणि तास सुटायचा.

'नकोचे तीन थर' हे त्यांच्या पुस्तकातलं सर्वात गाजलेलं प्रकरण. पुस्तकाची बऱ्याच भाषांत भाषांतरं झाली. 'नको' हा शब्द भाषांतरकारांनी तसाच ठेवला आणि खाली टीप दिली. बाईंना परदेशांतून व्याख्यानाची बोलावणी येऊ लागली. त्या जात, पहिल्या रांगेपुढे बशी धरत आणि कुणीतरी एकदम बिस्कीट उचललं की म्हणत, "बघा, हाच फरक."

घरी या कीर्तीचं फारसं कुणाला काही वाटत नसे. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. अख्खी कॉलनी त्यांना 'पाणीवाले' म्हणायची आणि नळाला धार आली नाही की अजूनही त्यांचंच दार वाजवायची. पुस्तकाची मुद्रितं त्यांनीच तपासली होती, त्यामुळे प्रत्येक स्वल्पविराम त्यांना ओळखीचा होता. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण ऐकायचं ते बरोबर यायचं. त्या सुनेला 'आमची दुभाषी' म्हणत, आणि ते कौतुक की टोमणा याचा उलगडा बाईंना इतक्या वर्षांत झाला नव्हता.

राहिली लेक. लहानपणी ती रुसून बसली की बाई तिच्या समोर बसायच्या, मान कलती करून बघायच्या आणि म्हणायच्या, "इंटरेस्टिंग." लेकीने हे त्यांना कधी माफ केलं नाही. "आई, तुझ्याशी बोलताना आपण काचेच्या बरणीत ठेवलोय असं वाटतं," असं ती एकदा म्हणाली होती. बाईंना ते फार लागलं. मग त्यांनी ती उपमा एका व्याख्यानात वापरली.

ही लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिथे पूल बांधणाऱ्या एका इंजिनिअरशी तिचं जमलं. मुलगा दूरच्या देशातला. त्याचे आईवडील मुलीचं घर बघायला येणार असं ठरलं, तेव्हा लेक आधी एकटी आली आणि स्वयंपाकघरात आईला गाठून बोलली.

"आई, नीट ऐक. याच्या मोठ्या भावाने आईला न पटलेलं लग्न केलं. तेव्हापासून ती त्या घरी पाऊल टाकत नाही, आणि हा दोन्हीकडे निरोप पोहोचवून पोहोचवून दमलाय. मला असं घर नकोय. त्याच्या आईने मनापासून हो म्हटलं, तरच आम्ही पुढे जाणार."

"म्हणेल गं. त्या देशावर माझ्या दुसऱ्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे."

"त्याचीच मला भीती आहे," लेक म्हणाली. "एवढे दिवस प्राध्यापक होऊ नकोस. नुसती आई हो."

बाईंनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी घरच्यांना जमवून तास घेतला. "ते सरळ लोक आहेत. त्यांच्यात आग्रह म्हणजे अपमान. काहीही एकदाच विचारायचं. नको म्हणाले की विषय संपला."

"आणि भूक लागली असेल तर?" पाणीवाल्यांनी विचारलं.

"तर हो म्हणतील. सरळ आहेत ना."

"म्हणजे उपाशी मारायचं, पण शास्त्राला धरून," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हे सगळं ऐकू आलं होतं.

पाहुणे आले, सोबत मुलगाही; घरात त्याचं नाव आधीच 'पूलवाला' पडलं होतं. होऊ घातलेले व्याही उंच, वाकलेले, दारातून शिरताना सवयीने डोकं खाली घालणारे. विहीणबाई लहानशा, ताठ, पर्स मांडीवर घट्ट धरून सोफ्याच्या अगदी कडेला बसलेल्या. दोन्ही घरांना थोडी थोडी येणारी एक तिसरी भाषा होती, तिच्यावर सगळ्यांचं काम चाललं होतं. बाईंनी चहा विचारला.

"नको," विहीणबाई म्हणाल्या. चक्क 'नको'. शब्द शिकून आल्या होत्या. बाईंना भरून आलं. त्यांनी प्रेमाने चहाचा ट्रे आत पाठवून दिला.

ट्रे आत जाताना व्याह्यांची नजर त्याच्यामागून दारापर्यंत गेली. पाणीवाल्यांनी ती पाहिली.

जेवणाला टेबलभर पदार्थ होते. डाळ, भात, तळलेले मासे, दोन भाज्या, फळं घातलेलं कस्टर्ड. "मासे?" बाईंनी विचारलं. "नको." "भात?" "नको." प्रत्येक नकोनंतर विहीणबाई थोडं थांबून, मान वर करून बाईंकडे बघायच्या. बाई त्यांच्याकडे बघून समजूतदारपणे हसायच्या आणि भांडं उचलून दुसरीकडे सरकवायच्या. दोघांनी शेवटी डाळीबरोबर थोडा पाव खाल्ला, कारण पावाची टोपली टेबलावर उघडीच होती आणि त्यातलं कुणी विचारून वाढत नव्हतं. बाईंच्या घरच्यांनाही पाहुण्यांच्या देखत ताट भरून घ्यायची लाज वाटली. मासे गार झाले. पूलवाला लेकीकडे बघत राहिला आणि लेक आईकडे.

"कसं झालं?" पाहुणे झोपायला गेल्यावर बाईंनी विचारलं. "एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही मी."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "बघत होते मी."

सकाळी पाणीवाले दूध आणायला बाहेर पडले. कोपऱ्यावर बेकरी आहे. तिथल्या उंच टेबलाशी उभं राहून होऊ घातलेले व्याही आणि विहीणबाई बन खात होते. खात होते म्हणजे मान खाली घालून, न बोलता, शाळा सुटल्यावर मुलं खातात तसे. पाणीवाले दिसताच दोघं थिजले. व्याह्यांच्या एका गालात अख्खा बन होता.

पाणीवाल्यांनी आयुष्यभर फुटलेल्या नळांपाशी ताटकळलेल्या माणसांची समजूत घातली होती. त्यांनी एक बन मागितला आणि दोघांच्या शेजारी उभं राहून खाऊ लागले. बनवाल्याने तिघांपुढे चहा ठेवला. निम्मा चहा झाल्यावर व्याह्यांनी त्या तिसऱ्या भाषेत, अगदी अदबीने विचारलं, "माफ करा, पण तुमच्याकडे तिसऱ्यांदा कधी विचारतात? दुसऱ्या दिवशी का?"

पाणीवाल्यांना ठसका लागला. मुद्रितं त्यांनीच तपासली होती.

घरी येऊन त्यांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "तुझे सरळ लोक बेकरीत सापडले."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी तुझं ते 'नको'चं पुस्तक वाचलंय. येताना वाटेत दोघांनी मिळून वाचलं, त्यांच्या भाषेत. पहिला नको, दुसरा नको, सगळं पाठ करून आलेत. कालपासून बिचारे तिसऱ्यांदा विचारायची वाट बघतायत."

बाईंनी दूध पातेल्यात ओतून तापत ठेवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "त्यांच्या भाषेत निघालं? कोणती आवृत्ती?"

"ते विचारलं नाही. त्यांच्या तोंडात बन होता."

तेवढ्यात लेक आत आली. डोळे लाल. "आई, याच्या आई संध्याकाळच्या गाडीने निघणार म्हणतायत. याला म्हणाल्या, पुस्तकात लिहिणारी बाई परक्यालासुद्धा तीनदा विचारते, आपल्याला एकदा विचारून भांडं उचलते. याचा अर्थ एकच, आपण त्यांना नको आहोत."

आयुष्यभर बाईंनी त्या शब्दाचे थर मोजले होते. हा अर्थ कुठल्याच थरात बसत नव्हता. त्या स्टुलावर बसल्या.

"पण त्यांच्यात आग्रह चालत नाही," त्या म्हणाल्या, "मी स्वतः अनुभवलंय. तो त्यांच्याच देशातला पाहुणा प्राध्यापक नव्हता का, विद्यापीठात एक सत्र राहिलेला? किती वेळा घरी जेवायला आला. एकदा नको म्हणाला की नकोच. मी त्याच्यावरूनच तर ते प्रकरण..."

"कोण, तो? औषधाची डबी घेऊन फिरायचा तो?" पाणीवाले म्हणाले. "अगं, त्याला अल्सर होता."

दुधावर साय धरत होती. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच त्याला दवाखान्यात न्यायचो. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मग तो माझ्याजवळ का बोलला नाही?"

"तू विचारलं नाहीस ना दुसऱ्यांदा. तूच म्हणाली होतीस, त्यांच्यात विचारत नाहीत."

लेकीला रडता रडता हसू आलं, आणि त्या हसण्याचा तिला आणखीच राग आला. "एका माणसाच्या पोटावर तू देश लिहिलास, आई?"

बाई मान कलती करून तिच्याकडे बघू लागल्या. तोंडातून 'इंटरेस्टिंग' निघणार होतं. त्यांनी ते गिळलं, आणि गिळताना बराच त्रास झाला असावा, कारण त्या पाणी प्यायल्या.

दुपारी पुन्हा तेच टेबल, तीच माणसं. विहीणबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली सगळ्यांना दिसत होती. बाईंनी मासे पुन्हा तळले होते. त्या भांडं घेऊन विहीणबाईंच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

"वाढू?"

"नको."

"घ्या ना."

"नको."

"एक तरी तुकडा घ्या." पदव्युत्तर परीक्षेलासुद्धा बाई इतक्या घाबरल्या नव्हत्या.

विहीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. व्याह्यांनी खिन्नपणे मान हलवली. "नको," त्या म्हणाल्या. तिसरा. आणि मग त्या तिसऱ्या भाषेत, ओशाळून, "हा खरा आहे. बन फार मोठे होते."

बाई भांडं घेऊन तशाच उभ्या. विहीणबाईंनी काटा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "काल का नाही विचारलंत?"

बाईंच्या डोक्यात उत्तर तयार होतं. त्याला प्रस्तावना होती, दोन संदर्भ होते. "वस्तुतः..." असं त्या म्हणाल्याही. मग लेकीचा चेहरा दिसला, आणि बरणीतून बाहेर बघावं तशी ती बघत होती.

"काल मी तुम्हाला वाढतच नव्हते," बाई म्हणाल्या. "तुमच्या देशातल्या एका प्राध्यापकाला वाढत होते. त्याला अल्सर होता. मला ते आज सकाळी कळलं. मला वाटत होतं, ती तुमची संस्कृती आहे."

हे पोहोचायला थोडा वेळ लागला. पूलवाल्याने आईच्या कानाशी लागून तो आजाराचा शब्द आपल्या भाषेत सांगितला. विहीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलू लागले. बाईंना वाटलं, रडतायत. रुमाल खाली आला तेव्हा कळलं की त्या हसतायत, आणि त्यांना थांबता येत नाहीये.

"आमच्याकडे," त्या दम खात म्हणाल्या, "माझी आई पाहुण्याचं मनगट धरून बसायची. ताट संपेपर्यंत सोडायची नाही. मला तर वाटलं, तुम्ही तीनदाच विचारता म्हणजे फार थंड माणसं असणार."

"प्रकरण चुकलं म्हणायचं," पाणीवाले म्हणाले.

"दोन्हीकडचं," व्याही म्हणाले, आणि कुणी विचारायच्या आत त्यांनी माशाचा एक तुकडा स्वतःच उचलून घेतला.

टेबलावरचा ताण थोडा सैलावला, पण बॅग दाराशीच होती. लेकीने अजून घास घेतला नव्हता. पूलवाला पाण्याचा ग्लास उगाच फिरवत होता. आता कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते कुणी विचारायचं हे सगळ्यांना माहीत होतं. बाई खुर्चीवर बसल्या.

"मुलांच्या लग्नाचं काय?" त्यांनी विचारलं. "तुमची इच्छा आहे?"

विहीणबाईंनी ओठांवरून रुमाल फिरवला. चेहरा एकदम कोरा झाला. "नको," त्या म्हणाल्या.

लेकीच्या हातातला चमचा ताटात पडला. पूलवाल्याने आईकडे चमकून पाहिलं. बाईंनी विहीणबाईंचे डोळे, भुवया, खांदे, सगळं पाहिलं, ज्यावरून त्या एरवी वर्गात अर्धा तास बोलल्या असत्या. काहीही कळलं नाही. हा कितवा थर, हा बनचा नको की मनाचा, सांगता येईना. शेवटी त्यांनी नुसतंच टेबलावरून हात पुढे केला आणि विहीणबाईंचं मनगट धरलं.

"खरंच नको?"

"नको."

"माझी मुलगी तिखट आहे," बाई म्हणाल्या. "माझ्यासारखी नाही, माणसांकडे बघून बोलते. तिला तुमचं घर हवंय, तुमच्यासकट. घ्या ना तिला." हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

विहीणबाईंनी आपल्या मनगटावरच्या त्या हाताकडे पाहिलं. मग वाटेत पाठ केलेले ते शब्द, एकेक अक्षर सावकाश लावत, त्यांनी म्हटले.

"बरं. थोडंसं."

पाणीवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. लेक उठली आणि टेबलाला वळसा घालून आधी आईकडे आली की आधी विहीणबाईंकडे, यावर त्या घरात पुढे बरेच दिवस वाद चालला. पूलवाला दाराशी गेला आणि बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आला.

सासूबाई या सगळ्यात आपल्या ताटातला मासा निवडत होत्या. त्यांनी सुनेला कोपराने ढोसलं.

"काय म्हणाली गं ती?"

बाईंनी अजून मनगट सोडलं नव्हतं. "म्हणतायत, ही दोरी तुमचीच समजा."

"कसली दोरी?" सासूबाई म्हणाल्या. "मी स्पष्ट ऐकलं, थोडंसं म्हणाली. भात वाढ तिला."

बाईंनी भात वाढला. भरपूर.